देणे थकवून दिलेले दान

उद्योजकता शिकवणाऱ्या बहुतेक अभ्यासक्रमांत पहिला धडा जोखमीचा असतो. नीतिमत्तेचा विचार पार शेवटी, सामाजिक उत्तरदायित्वाच्या प्रकरणात येतो आणि तिथे शाळांना दिलेले संगणक, लावलेली झाडे आणि भरवलेली रक्तदान शिबिरे यांची चर्चा होते. ही मांडणी मला मुळातच चुकीची वाटते. जोखीम आणि नीती हे दोन वेगळे धडे नाहीत. धंद्यातली जोखीम कोणी उचलायची आणि कोणाला ती आपल्या सोयीने दुसऱ्याच्या गळ्यात घालता येते, हाच व्यवसायनीतीचा मूळ प्रश्न आहे. आपल्याकडे या प्रश्नाची रोजची आणि सर्वांत खरी कसोटी म्हणजे लहान पुरवठादाराचे बिल किती दिवसांत चुकते होते ही होय.

उद्योजक या कल्पनेची पहिली नीट मांडणी रिचर्ड कँटिलोन या आयरिश वंशाच्या व्यापाऱ्याने केली. त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १७५५ मध्ये, फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाले. त्याच्या मते उद्योजक म्हणजे ठरलेल्या किमतीला विकत घेऊन अनिश्चित किमतीला विकणारा माणूस. या व्याख्येचा दुसरा भाग सहसा सर्वांच्या लक्षात राहतो, की विक्रीची खात्री नसताना तो पुढे होतो आणि नफा हे त्या धाडसाचे मोल असते. पहिला भाग मात्र विसरला जातो. विकत घेताना किंमत ठरलेली असते, याचा अर्थ ज्याच्याकडून माल, श्रम किंवा जागा घेतली त्याचे देणे निश्चित असते, आणि बाजार चढला की पडला याच्याशी त्या देण्याचा संबंध नसतो. किमतीत मुदतही आलीच, कारण आज मिळणारे सहा लाख आणि चार महिन्यांनी मिळणारे सहा लाख ही एकच किंमत नव्हे. जो पुरवठादाराला ‘आमचे पैसे आले की तुमचे देऊ’ असे सांगतो, तो नफा स्वतःकडे ठेवून अनिश्चितता खाली ढकलत असतो, आणि कँटिलोनच्या अर्थाने तेवढ्यापुरते उद्योजकाचे काम त्याचा पुरवठादार करत असतो.

हे मी हिशेबाच्या वह्यांतून शिकले. पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या थोरल्या भावाचा गाळा, म्हणजे लहानसा कारखाना, होता. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रे), तीन जुने लेथ, नऊ माणसे. अकरा वर्षे मी त्याचे हिशेब लिहिले. आमचा निम्म्याहून अधिक माल एका मोठ्या कारखान्याला जाई. माल घेऊन टेम्पो त्यांच्या गेटवर पोचला की मालासोबतच्या चलनाच्या तिन्ही प्रतींवर, पांढऱ्या, गुलाबी आणि पिवळ्या, एक जांभळा शिक्का पडे. त्यावर तारीख असे आणि खाली एक ओळ : ‘तपासणीच्या अधीन राहून स्वीकारले.’ पिवळी प्रत ड्रायव्हर परत आणी, आणि मी ती बिलाला टाचून ठेवी. पहिली दोन वर्षे त्या ओळीचा अर्थ मला कळला नव्हता. आमच्या परचेस ऑर्डरवर मुदत ९० दिवसांची लिहिलेली होती, पण ते ९० दिवस शिक्क्याच्या तारखेपासून मोजले जात नसत. तपासणी झाल्यावर बिल त्यांच्या संगणकात चढे, ते चढलेल्या महिन्याच्या अखेरीपासून दिवस सुरू होत, आणि मुदत संपल्यावरही रक्कम महिन्यातून दोनदाच निघणाऱ्या पेमेंटच्या यादीत येण्याची वाट पाहावी लागे. महिन्याच्या ३ तारखेला गेलेल्या मालाचे पैसे अशा रीतीने १२० दिवसांच्या अलीकडे कधीच आले नाहीत. मी फोन केला की तिकडचा लेखापाल सौजन्याने म्हणे, “मॅडम, तुमचं बिल पास झालंय, पुढच्या यादीत नक्की घेतो.” तो खोटे बोलत नव्हता. त्याला जशी सूचना होती तसे तो वागत होता, आणि ती सूचना देणाऱ्याला आमच्या गाळ्याचे नावही ठाऊक नसावे.

या उशिराची किंमत किती असते ते आकड्यांत मांडायला हवे, कारण ‘थोडा उशीर तर होतोच’ या वाक्याखाली ती झाकली जाते. समजा, एखाद्या गाळ्याचे महिन्याचे काम ६ लाखांचे आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर बिल होते ७ लाख ८ हजारांचे. पैसे ३० दिवसांत आले तर एका वेळी एकच बिल बाकी राहते. १२० दिवस लागले तर चार बिले, म्हणजे २८ लाख ३२ हजार रुपये बाहेर अडकतात. जादा अडकलेल्या २१ लाख २४ हजारांवर ११ टक्के व्याजदराने वर्षाला सुमारे २ लाख ३४ हजारांचा भुर्दंड पडतो. ७२ लाखांच्या वार्षिक कामावर ८ टक्के नफा सुटत असेल तर तो ५ लाख ७६ हजार भरतो. त्यातला जवळजवळ ४० टक्के हिस्सा केवळ वाट पाहण्यात जातो.

आणि वाट पाहताना बाकीचे कोणी थांबत नाही. बिल काढले की त्यावरचा जीएसटी पुढच्याच महिन्यात सरकारजमा करावा लागतो, मग गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. तोच कर मोठा खरेदीदार आपल्या देण्यातून वळता करून घेऊ शकतो, आणि पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तरच त्याला तो परत भरावा लागतो. म्हणजे लहान गाळा आपल्या खिशातून मोठ्या कारखान्याचा कर कित्येक महिने आधी भरत असतो. कॅश क्रेडिट खात्याचेही, म्हणजे माल आणि येण्यांच्या तारणावर मिळणाऱ्या बँकेच्या खेळत्या कर्जाचेही, तसेच आहे. दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक माल आणि येण्यांचा तक्ता) द्यावे लागते, आणि साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे कर्ज उचलण्याच्या मर्यादेत, धरत नाही. म्हणजे येणे जसजसे जुने होईल, तसतशी कर्ज काढण्याची ऐपतही आटत जाते. ज्या क्षणी पैशांची सर्वाधिक निकड असते, त्याच क्षणी बँकेचा हात आखडतो, आणि मग माणूस पतपेढीकडे किंवा शेकड्याने व्याज लावणाऱ्या सावकाराकडे जातो. पगार मात्र थांबवता येत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या आस्थापनांना सात तारखेच्या आत पगार देण्याचे बंधन घातले होते. नऊ माणसांना घेऊन स्वतः लेथवर उभा राहणारा मालक त्या कामगारापेक्षा फार वेगळ्या परिस्थितीत नसतो, हे मात्र आपल्या विचारात अजून पुरते उतरलेले नाही.

कायदा याबाबतीत गप्प आहे असे कोणी समजू नये. लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांवर व्याज देण्याचा पहिला कायदा १९९३ चा. त्याची जागा २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याने घेतली. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असेल तर त्यातल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत, पण ही मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांहून अधिक असता कामा नये, असे त्याचे १५ वे कलम सांगते. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. त्या जांभळ्या शिक्क्यालाही कायद्याने उत्तर देऊन ठेवले आहे, कारण माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असेच धरले जाते. तपासणी महिनाभर रेंगाळत ठेवण्याचा अधिकार त्या ओळीने कोणालाही मिळत नाही. आमच्या परचेस ऑर्डरवरचे ९० दिवस मुळातच बेकायदा होते, हे मला तिसऱ्या वर्षी कळले.

कळून उपयोग काय झाला, हा पुढचा प्रश्न. तक्रार करायला विभागवार सुविधा परिषदा आहेत, २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टलने ती ऑनलाइन नोंदवण्याची सोय केली, आणि परिषदेच्या निवाड्याला न्यायालयात आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर ही तरतूद भक्कम आहे. पण तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तोच पुढच्या महिन्याची ऑर्डर देणार असतो. दादाने एकदा अर्ज भरून तयार ठेवला होता. तो तीन आठवडे टेबलाच्या खणात पडून राहिला आणि मग त्याने तो फाडला. त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार मी कोणाला देणार नाही. नऊ घरांची चूल त्या ऑर्डरीवर पेटत होती. म्हणूनच अशा व्यवहारात ‘तक्रार आली नाही’ याचा अर्थ ‘अन्याय झाला नाही’ असा काढणे अत्यंत चुकीचे आहे.

यावर पहिला आक्षेप नेहमी कराराचा येतो. पुरवठादाराने ९० दिवसांवर सही केली, कोणी त्याच्या डोक्याला पिस्तूल लावले नव्हते, मग तक्रार कसली? या आक्षेपाचा आधार म्हणून पुष्कळदा अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनचे नाव घेतले जाते. व्यवसायाची सामाजिक जबाबदारी म्हणजे नफा वाढवणे, ही त्याची १९७० सालची भूमिका प्रसिद्ध आहे. पण खेळाचे नियम पाळून आणि फसवणूक न करता, ही मर्यादा त्यानेच तिथे घातली होती. ४५ दिवसांची मुदत हा आपल्या देशातल्या खेळाचा लिखित नियम आहे. तेव्हा नफ्यापलीकडे कोणतेही कर्तव्य न मानणाऱ्या माणसाच्या मोजपट्टीनेही १२० दिवसांचे पेमेंट नापासच ठरते. शिवाय सहीच्या मोकळेपणाबद्दल बोलायचे तर, ज्याच्याकडे शंभर पुरवठादार आहेत आणि ज्याच्याकडे एकच मोठे गिऱ्हाईक आहे, त्या दोघांच्या सहीचे वजन सारखे नसते. कायद्याने मुदतीची मर्यादा कराराच्या वर ठेवली ती याच कारणाने.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे आणि त्याचा विचार सहानुभूतीने केला पाहिजे. मधल्या फळीतला कारखानदार म्हणतो, मलाच वरून पैसे मिळत नाहीत तर मी खाली कुठून देऊ? ही साखळी खरी आहे. तिच्या वरच्या टोकाला पुष्कळदा सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रमच असतात, आणि त्यांनी थकवलेली बिले ही खासगी थकबाकीपेक्षा अधिक लाजिरवाणी गोष्ट आहे, कारण कायदा करणारे आणि तो मोडणारे तिथे एकच असतात. तरीही साखळीचा युक्तिवाद मला एका मर्यादेपलीकडे पटत नाही. ज्याला बँक ९ टक्क्यांनी कर्ज देते त्याने उशीर सोसणे आणि ज्याला सावकाराकडे जावे लागते त्याने तो सोसणे, यांत समाजाचे एकूण नुकसान दुसऱ्या बाबतीत कितीतरी अधिक आहे. मोठी ऑर्डर मिळाल्याचा फायदा ज्याने घेतला, त्या ऑर्डरीच्या पैशांतल्या विलंबाचा पहिला भार त्यानेच उचलायला हवा.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. उसाच्या बाबतीत आपण तो पन्नास वर्षांहून अधिक काळ मान्य केलेला आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज लागते. साखर अजून गोदामात आहे, भाव पडले आहेत, ही कारणे कारखाने दरवर्षी सांगतात आणि त्यांत तथ्यही असते. तरीही ऊस तोडून दिल्यावर शेतकऱ्याची जोखीम संपली पाहिजे, हे तत्त्व टिकले. २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली, तेव्हा शेतकरी संघटना न्यायालयात गेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द ठरवला. ऊसउत्पादकाच्या मागे संघटना होती, मतदारसंघ होता, रस्त्यावर उतरणारी माणसे होती. भोसरीच्या, कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा नाशिकच्या अंबडच्या गाळेवाल्यामागे तसे कोणी नाही. फरक फक्त एवढाच आहे, न्यायाच्या दृष्टीने दोघांची स्थिती सारखी आहे.

आता दानाकडे येते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. या पैशातून चांगली कामे झाली आहेत, आणि ती बंद व्हावीत असे मला मुळीच वाटत नाही. परंतु या कलमाने एक नैतिक गोंधळही निर्माण केला आहे. कंपनीची नीती मोजायची ती नफा झाल्यानंतर तिने काय वाटले यावरून, असा समज त्यातून पक्का झाला. तो नफा कसा झाला, त्यात पुरवठादाराच्या बिनव्याजी पैशाचा वाटा किती, याची विचारपूस त्या अहवालात होत नाही. ज्या वर्षी आमची चार बिले अडकली होती, त्याच वर्षी त्या कारखान्याने जवळच्या गावातल्या शाळेला वर्गखोल्या बांधून दिल्या. उद्घाटनाचा फोटो आम्हालाही पाठवला होता. वर्गखोल्या खऱ्या होत्या आणि मुलांना त्यांची गरज होती. पण आमच्या गाळ्यातल्या दोन ऑपरेटरांची मुले त्याच शाळेत होती, आणि त्या महिन्यात त्यांच्या वडिलांचा पगार दोन टप्प्यांत झाला होता.

गेल्या काही वर्षांत सरकारने कर आणि तंत्रज्ञान या दोन वाटांनी उपाय करून पाहिले. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या ४३-बी कलमात भर घातली, तिचा गाजावाजा मोठा झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजावटीस मिळेल, अशी ती तरतूद. मार्च २०२४ मध्ये तिच्या भीतीने बरीच जुनी बिले निघाली, हे मी स्वतः पाहिले. पण तिची धार वर्षअखेरीपुरतीच आहे. मे महिन्यातले बिल डिसेंबरात दिले, म्हणजे दोनशे दिवस थकवले, तरी पैसे त्याच आर्थिक वर्षात गेल्यामुळे खरेदीदाराची वजावट जशीच्या तशी राहते. दुसरा उपाय म्हणजे बिले वटवण्याची, म्हणजे मुदतीआधीच थोडी सूट देऊन बँकेकडून पैसे मिळवण्याची, ‘ट्रेड्स’ ही ऑनलाइन व्यवस्था. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिच्यावर नोंदणी करणे आता सक्तीचे आहे. मात्र नोंदणी केलेल्या कंपनीने प्रत्येक बिल तिथे मान्य करावे अशी सक्ती नाही, आणि बिल वटवण्याचा खर्च बहुधा पुरवठादाराच्याच माथी बसतो. उशीर एकाने करायचा आणि त्याचे व्याज दुसऱ्याने भरायचे, हे तिथेही सुटलेले नाही.

या साऱ्यात लहान उद्योजकाची बाजू घेताना मला एक गोष्ट लपवायची नाही. आमच्याकडे बनणारे पिन प्लेटिंगसाठी, म्हणजे धातूचा मुलामा देण्यासाठी, शेजारच्या गल्लीत जात. प्लेटिंगवाल्याकडे चार माणसे होती आणि त्याची बिले २०-२५ हजारांची असत. आमचे पैसे अडकले की मी सर्वांत आधी त्याचे बिल मागे टाकी, कारण वीज मंडळ जोडणी तोडते, बँक नोटीस पाठवते, आणि तो फक्त दारात येऊन उभा राहतो. एका दिवाळीत तो तीनदा आला. तिसऱ्या वेळी त्याने पैशांचा विषयच काढला नाही, चहा घेतला आणि निघून गेला. आपल्याला मिळालेली वागणूक आपण आपल्याहून लहान माणसापर्यंत तशीच पोचवतो, आणि प्रत्येक पायरीवर तिचे समर्थन म्हणून वरच्या पायरीकडे बोट दाखवतो. त्या दिवाळीनंतर आम्ही ठरवले की पन्नास हजारांखालची सगळी बिले १५ दिवसांत द्यायची, मग बँकेचे काहीही होवो. पहिले सहा महिने जड गेले. पुढे असे दिसले की या लहान बिलांची बेरीज आमच्या मासिक खर्चाच्या एक दशांशाइतकीही नव्हती, आणि इतकी वर्षे आपण ती थकवत होतो ती केवळ थकवता येत होती म्हणून.

मोठ्या कंपन्यांचे प्रमाण तर याहूनही अनुकूल असते. त्यांच्या एकूण खरेदीत सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची देणी हा सहसा लहान भाग असतो, पण त्या पुरवठादारांच्या दृष्टीने तेच सर्वस्व असते. म्हणून मला दंडाची रक्कम वाढवण्यापेक्षा हे उघड्यावर आणणे अधिक उपयोगी वाटते. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या शाश्वतता अहवालात आता देणी किती दिवसांत चुकती होतात याची सरासरी द्यावी लागते. पण ती सर्व पुरवठादारांची मिळून एकच सरासरी असते. पोलाद पुरवणाऱ्या बलाढ्य कंपनीला दहा दिवसांत पैसे दिले की गाळेवाल्याचे १२० दिवस त्या सरासरीत बुडून जातात.

ताळेबंदात याहून नेमकी जागा आधीच तयार आहे. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि व्यापारी देण्यांचे वय दाखवणारा तक्ता सक्तीचा झाला. त्यात सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी वेगळ्या ओळीत दाखवावी लागतात, वादातली आणि वादाबाहेरची देणीही वेगळी करावी लागतात. इतकी काळजी घेतलेल्या त्या तक्त्याचा पहिलाच रकाना मात्र ‘देय तारखेपासून एक वर्षापेक्षा कमी’ असा आहे. पाच दिवस उशीर झालेले बिल आणि तीनशे दिवस थकलेले बिल त्यात शेजारी शेजारी बसतात, आणि भागधारकाला, बँकेला किंवा पत्रकाराला त्या तक्त्यातून त्यांतला फरक कळत नाही. हा एक रकाना ३०, ९० आणि १८० दिवसांवर मोडून चार करावा, आणि सामाजिक खर्चाचा अहवाल त्या तक्त्याला लागूनच छापावा. त्यासाठी संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. २०२१ ची दुरुस्ती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एका अधिसूचनेने झाली होती, आणि हीसुद्धा तेवढ्यानेच होऊ शकते.